व्यापारविद्येचे विद्यार्थी आणि त्यांचा अखेरचा प्रबंध



आमच्या जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें. परंतु साठी ओलांडलेल्या माझ्या जिभेला 'नगर' हेंच नांव सरावाचें आहे, तेव्हां बोलण्याच्या ओघांत तें आल्यास आपण क्षमा करावी. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंत, व त्यापुढें शिक्षकाचें प्रशिक्षण तेवढें. सारा जन्म प्राथमिक शाळेंत मुलांना बाराखडी व पाढे शिकविण्यांत गेला. अशा माणसानें व्यवस्थापनशास्त्राच्या पदवीसाठीं लिहाव्या लागणाऱ्या प्रबंधावर बोलावें, हें कांहीं जणांस चमत्कारिक वाटेल. म्हणून हा विषय माझ्या दारीं कसा आला, तें आधीं सांगतों.

आमच्या गल्लींतील एक मुलगी एम्. बी. ए.च्या वर्गांत आहे. या अभ्यासक्रमांत बहुतेक ठिकाणीं विद्यार्थ्यास साधारण दोन महिने एखाद्या कारखान्यांत, पेढीवर किंवा बाजारांत जाऊन प्रत्यक्ष माहिती गोळा करावी लागते; तिचा अहवाल लिहावा लागतो; तो पुठ्ठ्यांत बांधून, वर सोनेरी अक्षरें छापून सादर करावा लागतो; आणि शेवटीं परीक्षकांपुढें तोंडी उत्तरें द्यावीं लागतात. एका संध्याकाळीं ही मुलगी हातांत कागद घेऊन आली व म्हणाली, "गुरुजी, एवढे प्रश्न मराठींत करून द्याल का? बाजारांत इंग्रजी कागद कोणी हातांत धरीत नाहीं."

कागदावर पंचवीस प्रश्न होते. विषय कांद्याच्या विक्रीचा. पहिलाच प्रश्न असा कीं, सध्यांच्या विक्रीव्यवस्थेविषयीं आपण कितपत समाधानी आहां? त्याखालीं पांच चौकोन : फार समाधानी, समाधानी, तटस्थ, असमाधानी, फार असमाधानी. मीं तें मराठींत करून दिलें खरें, पण देतांना विचारलें, "बाळ, भाव पडलेल्या दिवशीं रिकामी गाडी घेऊन परत निघालेल्या शेतकऱ्याला तूं हें विचारणार काय?" ती हंसली नाहीं. तिनें सांगितलें कीं आठ पेढ्या झाल्या. दोघांनीं उद्यां या म्हणून सांगितलें. एकानें विचारलें, कोणत्या खात्याकडून आलां? बाकीच्यांनीं मान वर केली नाहीं. तिच्या एका मैत्रिणीनें दुसऱ्या गांवचा तयार अहवाल विकत आणून वरचें नांव बदललें होतें. दुसरीनें सल्ला दिला कीं शंभर कागद घरींच बसून भरून टाकावे. "दोन रात्रींचें काम आहे, गुरुजी," ती म्हणाली, "पण हात धजत नाहीं."

तिचा हात धजत नव्हता, तोंवर कांहीं बिघडलें नव्हतें. परंतु मुदत जवळ आली होती आणि धीर सुटत चालला होता. त्या रात्रीं मला वाटलें कीं या अडचणी हिच्या एकटीच्या नाहींत, आणि आजकालच्याहि नाहींत. मग आमच्या जिल्हा वाचनालयांत बसून जीं जुनीं पुस्तकें चाळलीं, त्यांतून जें हातीं लागलें तें आज आपल्यापुढें ठेवतों.

आपल्या इलाख्यांत व्यापारविद्येला महाविद्यालयाचें रूप आलें तें १९१३ सालीं. त्या वर्षीं मुंबईस सिडनहॅम महाविद्यालय निघालें. आशिया खंडांतील हें पहिलें वाणिज्य महाविद्यालय मानलें जातें. तोंपर्यंत व्यापार शिकावयाचा तो गादीवर बसून, चुलत्याच्या किंवा मामाच्या हाताखालीं. रोजमेळ लिहावयाचा, खतावणी उतरावयाची, आणि घरची गोष्ट बाहेर सांगावयाची नाहीं. ही शेवटची शिकवण मुद्दाम लक्षांत ठेवावी. व्यापाऱ्याचा मुलगा मौन शिकत असे, आणि व्यापारविद्येच्या विद्यार्थ्यास नेमकें तेंच मौन फोडावयाचें असतें. अडत्याच्या पेढीवर आमच्या मुलीला जें उत्तर मिळालें, त्याचें मूळ येथें आहे. पूर्वीं तर पुष्कळ बाजारांत सौदा होई तो रुमालाखालीं बोटें दाबून. ज्याचा माल विकला जाई त्या शेतकऱ्यालाहि भाव कळत नसे. १९२८ सालच्या शाही शेतकी कमिशनानें बाजारांतील अशा चालींकडे बोट दाखविलें, आणि १९३९ सालीं मुंबई इलाख्यांत शेतमालाच्या बाजारांचा कायदा झाला. रुमाल गेला, संवय मात्र हळूहळू जाते.

सिडनहॅम महाविद्यालयांत १९१८ ते १९२० या काळांत अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक होते, त्यांचें नांव डॉ. भीमराव आंबेडकर. त्यांना आपण घटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतों. परंतु प्रबंध लिहिणारा विद्यार्थी म्हणून त्यांची हकीकत प्रत्येक विद्यार्थ्यानें वाचावी अशी आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ सालीं अमेरिकेंत गेले व १९१६ सालीं लंडनला आले. पुढल्याच वर्षीं शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि काम अर्धें टाकून परतावें लागलें. त्यांचें सामान व पुस्तकें दुसऱ्या जहाजानें येत होतीं. महायुद्ध चालूं होतें. तें जहाज पाणतीरानें बुडालें. नोकरी करून पैसा शिल्लक टाकावा, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचें साह्य व मित्राकडून कर्ज घ्यावें, आणि पुन्हां लंडन गांठावें, असें त्यांनीं १९२० सालीं केलें. १९२२ च्या ऑक्टोबरांत रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध त्यांनीं सादर केला. परीक्षकांनीं तो पुन्हां लिहावा म्हणून परत पाठविला. तोंवर पैसा संपला होता. ते मुंबईस परतले, येथें बसून त्यांनीं प्रबंध पुन्हां लिहिला, आणि १९२३ च्या अखेरीस तो मान्य होऊन छापला गेला. प्रस्तावना त्यांचे गुरु एडविन कॅनन यांची. आणि तींत आपण लेखकाच्या मतांशीं सर्वस्वीं सहमत नाहीं हें गुरूनें मोकळेपणानें लिहिलें आहे.

आजच्या विद्यार्थ्याच्या तक्रारींची यादी याच्या शेजारीं ठेवून पाहावी. पैसा पुरत नाहीं, वेळ पुरत नाहीं, जमविलेली सामग्री हातची गेली, मार्गदर्शकाचें मत पटत नाहीं, लिहिलेलें परत आलें : एकहि तक्रार नवी नाहीं. आंबेडकर मोठे होते म्हणून त्यांना तें जमलें, असें कोणी म्हणेल. मला एवढेंच दाखवावयाचें आहे कीं प्रबंध परत येणें म्हणजे नापास होणें नव्हे. रुपया सोन्याशीं कसा बांधावा हा त्यांचा स्वतःचा प्रश्न होता. तो कोणी यादींतून निवडून दिलेला नव्हता. म्हणून दुसऱ्यांदा लिहिण्याचें बळ आलें. पुढें १९२५-२६ सालीं चलनविषयक शाही कमिशन आलें, तेव्हां त्याच्यापुढें साक्ष देण्यास ते उभे राहिले.

ग्रंथालयांतील अडचणी अशा. आतां दारोदार फिरून माहिती मिळविणारांची गोष्ट पाहूं. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे डॉ. हॅरल्ड मान यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह पुण्याजवळचें पिंपळे सौदागर हें खेडें घराघराप्रमाणें व शेताशेताप्रमाणें तपासलें, आणि १९१७ सालीं त्यावर पुस्तक प्रसिद्ध केलें. हें खेडें आज पिंपरी-चिंचवड शहरांत विरून गेलें आहे. त्या पुस्तकांतील एक आंकडा अजून सर्वत्र सांगितला जातो : १७७१ सालीं तेथें सरासरी धारण ४० एकरांची होती, ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली. हें डॉ. मान यांना कसें कळलें? जिवंत माणसांना विचारून १७७१ ची गोष्ट कळत नाहीं. त्यांनीं जुनीं दप्तरें पाहिलीं. माणूस बोलत नसेल तर कागद बोलतो, हा धडा मीं तेथून घेतला, आणि तो आमच्या मुलीच्या कामीं कसा आला तें पुढें सांगेन.

तिसरें नांव धनंजयराव गाडगीळ यांचें, आणि त्यांच्याशीं आपण नगरकरांचें नातें विशेष आहे. केंब्रिज येथें विद्यार्थी असतां हिंदुस्थानच्या अर्वाचीन औद्योगिक स्थित्यंतरावर त्यांनीं प्रबंध लिहिला. तो १९२४ सालीं पुस्तकरूपानें निघाला, तेव्हां त्यांचें वय अवघें तेवीस वर्षांचें होतें. तें पुस्तक पुढें कित्येक वर्षें महाविद्यालयांतून शिकविलें गेलें. १९३० सालीं पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली व गाडगीळ तिचे संचालक झाले. संस्थेच्या आरंभींच्या प्रकाशनांत एक पुस्तक आहे, १९३३ सालचें. विषय काय, तर पुणें शहरांतील फळांची विक्री! आमच्या मुलीचा कांदा आणि गाडगीळांचीं फळें यांत मला तरी फारसें अंतर दिसत नाहीं. मोठ्या विद्वानाला फळबाजारांत उभें राहून दलाल, हमाल व माळी यांना प्रश्न विचारण्यांत कमीपणा वाटला नाहीं, ही गोष्ट ध्यानांत घ्यावी.

पुढें या संस्थेनें आपल्याच जिल्ह्यांत एक मोठें काम केलें. गोदावरी आणि प्रवरा या नद्यांचे पाट येथें खेळत होते. प्रवरेवरचें भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पूर्ण झालें होतें. दक्षिणेंतील असे पाट सरकारच्या हिशेबांत फारसे किफायतशीर दिसत नसत, कारण जमेच्या बाजूस मुख्यतः पाणीपट्टी. गाडगीळांनीं विचारलें कीं पाटाचा फायदा पाणीपट्टींतच मोजावयाचा काय? पाणी आल्यावर शेतकऱ्याचें उत्पन्न किती वाढलें, मजुराला काम किती मिळालें, बाजारपेठेंत उलाढाल किती झाली, हें कोण मोजणार? या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांच्या पाहणीचा ग्रंथ १९४८ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच सालीं लोणीस विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकारानें शेतकऱ्यांच्या सहकारी साखर कारखान्याची नोंदणी झाली आणि त्याचे पहिले अध्यक्ष झाले ते धनंजयराव गाडगीळच. १९५०-५१ च्या हंगामांत कारखान्याचें चाक फिरलें. एका पुस्तकानें कारखाना उभा राहिला असें मी म्हणत नाहीं. तो शेतकऱ्यांच्या भागभांडवलानें व विखे पाटलांच्या चिकाटीनें उभा राहिला. परंतु प्रश्न विचारावयास आलेला परका प्राध्यापक ज्या मुलखांत अध्यक्ष म्हणून स्वीकारला जातो, तेथें त्यानें माणसांचा विश्वास संपादन केला असला पाहिजे, एवढें तर खरें!

हा विश्वास दोन महिन्यांत कसा मिळवावा, हीच आजच्या विद्यार्थ्याची खरी अडचण आहे. व्यवस्थापनाच्या संस्था आपल्याकडे १९६० नंतर वाढूं लागल्या. अहमदाबाद व कलकत्ता येथील संस्था १९६१ च्या, मुंबईची जमनालाल बजाज संस्था १९६५ ची. आज नगर शहर, विळद घाट व तालुक्यांच्या गांवींहि असे वर्ग चालतात. आपला जिल्हा १७,००० चौरस किलोमीटरांचा, महाराष्ट्रांत सर्वांत मोठा. अकोल्याच्या डोंगरांतला मुलगा आणि जामखेडची मुलगी एका वर्गांत बसतात. घरीं बोलणें मराठींत, बाजारांत मराठींत, आणि अहवाल मात्र इंग्रजींत. जें ऐकलें तें लिहितां येत नाहीं, म्हणून जें लिहितां येतें तेंच ऐकल्याचें दाखविण्याचा मोह होतो. एकेका मार्गदर्शकाच्या हाताखालीं पुष्कळ विद्यार्थी. पेढीवाल्याला वाटतें कीं हा प्राप्तिकराचा हेर असावा. आतां मोबाईलवर प्रश्नांची यादी पाठवितां येते; परंतु उत्तरें येतात तीं मित्रांचींच, आणि कांदा पिकविणारा त्या मित्रांत नसतो.

नक्कल रोखण्यासाठीं विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१८ सालीं नियम केले. प्रबंधांत दुसऱ्याच्या लिखाणाशीं १० टक्क्यांपर्यंत साम्य असल्यास दंड नाहीं. १० ते ४० टक्के असल्यास सहा महिन्यांच्या आंत सुधारून द्यावा. ४० ते ६० टक्के असल्यास एक वर्ष बंदी. त्यावर गेल्यास नोंदणी रद्द. नियम योग्यच आहे. परंतु घरीं बसून भरलेले शंभर कागद कोणत्याहि ग्रंथाशीं जुळत नाहींत. ते या चाळणींतून सहज खालीं उतरतात. आणि २०२२ च्या अखेरीपासून तर सांगेल त्या विषयावर पानेंच्या पानें लिहून देणारें यंत्र प्रत्येकाच्या हातीं आलें आहे. तें लिहितें, पण बाजारांत जाऊन उभें राहूं शकत नाहीं.

आतां पुन्हां आमच्या मुलीकडे येतों. शिक्षक या नात्यानें मीं तीन जनगणनांचें काम केलें : १९९१, २००१ आणि २०११. पहिल्या जनगणनेंत पहिल्याच दारीं मीं विचारलें, घरांत माणसें किती? म्हातारीनें उलट विचारलें, "रेशन कमी करायला आलास का?" आणि दार लावून घेतलें. पुढच्या दारापासून मीं आधीं तांब्याभर पाणी मागूं लागलों, ओट्यावर टेकूं लागलों, आणि हें कशासाठीं तें सांगूं लागलों. दार लावणारें घर मग क्वचितच भेटलें. तेवढ्या अनुभवाच्या जोरावर मीं तिला सांगितलें, "समाधानाचे पांच चौकोन राहूं देत. अडत्याकडे जाऊं नकोस. शेतकऱ्याच्या घरीं जा आणि विचार, दादा, तुमच्या हिशेबपट्ट्या आहेत का?"

शहरांतील श्रोत्यांसाठीं सांगतों : शेतकऱ्यानें माल विकला कीं अडत्या त्याला एक कागद देतो, त्यास पट्टी म्हणतात. वजन किती, भाव काय, हमाली, तोलाई, भाडें किती कापलें, आणि हातीं काय पडलें, हें सर्व तींत असतें. अडत शेतकऱ्याऐवजीं खरेदीदाराकडून घ्यावी असें राज्य शासनानें २०१६ सालीं ठरविलें. तेव्हां जुन्या व नव्या पट्ट्या शेजारीं ठेवल्या तर पुष्कळ कांहीं दिसतें. आमच्या खेड्यांत या पट्ट्या तारेला टोंचून भिंतीवर लटकविलेल्या असतात. डॉ. मान यांचें दप्तर पुण्यास होतें. आमचें घरोघर भिंतीवर आहे.

ती गेली. आपल्या मामाच्या गांवापासून आरंभ करून एस्. टी.नें तीन गांवें हिंडली. पहिले तीन दिवस एकहि पट्टी मिळाली नाहीं. चौथ्या दिवशीं एका बाईनें तार भिंतीवरून काढून तिच्या पुढ्यांत ठेवली व म्हणाली, "वाच बाई, आम्हांला तरी कळूं दे." तिच्या पंचवीस प्रश्नांपैकीं बावीस गळून पडले. राहिले तीन : किंमत काय आली, काय काय कापलें, आणि का. एकाच आठवड्यांतल्या, सारख्याच वजनाच्या दोन पट्ट्यांवरची कापणी जुळेना, तेव्हां तिला तिचा प्रश्न सांपडला. मग ती पुन्हां अडत्यांकडे गेली, या वेळीं हातांत पट्टी घेऊन. त्यांतल्या एका वृद्ध गृहस्थांनीं तिला बसवून घेतलें आणि प्रत्येक रकमेचें कारण सांगितलें. कांहीं कारणें रास्त होतीं, तीं तिनें तशीं लिहिलीं. आठ पेढ्यांवर जें मौन तिला भेटलें होतें, तें आज तिच्या हातांतल्या कागदानें फुटलें.

तोंडी परीक्षेंत परीक्षकांनीं विचारलें, "शंभर नमुने घ्यावयाचे, तुम्ही चाळीस-पन्नासच कां घेतले?" ती म्हणाली, "तेवढ्याच पट्ट्या मला पाहावयास मिळाल्या." गुण मध्यम पडले. तयार अहवाल विकत आणणाऱ्या मैत्रिणीस थोडे अधिकच पडले. हें मी लपवीत नाहीं, कारण श्रोत्यांपैकीं जे आईबाप आहेत त्यांच्या घरीं हा प्रश्न उद्यां येणार आहे, आणि खरें काम केल्यास गुण अधिक पडतील असें खोटें आश्वासन मीं द्यावें हें मला शोभणार नाहीं. परंतु ज्या संस्थांत हें चालतें त्यांनीं मात्र विचार करावा. शंभर हा आंकडा मागण्यापेक्षां, "तुम्ही कोणाच्या ओट्यावर बसलां?" एवढें विचारलें, तर विकत घेतलेला अहवाल तेथल्या तेथें उघडा पडेल.

गेल्या महिन्यांत मामाच्या गांवाहून तिला निरोप आला कीं, तूं आमच्या पट्ट्या नेल्यास, त्यांचें काय झालें तें येऊन सांग. ती मजकडे पुन्हां कागद घेऊन आली. इंग्रजींतला तक्ता तिनें स्वतःच मराठींत उतरविला होता. शुद्धलेखन तेवढें मला तपासावयास सांगितलें. दोन वेलांट्या मीं दुरुस्त केल्या. रविवारीं मारुतीच्या पारावर तिनें तो तक्ता वाचून दाखविला. मी मागें बसून ऐकत होतों. लोकांनीं तिला दोन तास प्रश्न विचारले, आणि त्यांतल्या कित्येकांचें उत्तर तिला ठाऊक होतें.